अडतीस नंबरची नळी

लॅबमधले सगळे तिला मोजपट्टी म्हणायचे. चहात साखर घालतानाही ती चमचा बोटाने सपाट करायची, म्हणून. नावात चेष्टा होती, तसा थोडा मानही होता. बारा वर्षं ती तिथल्या मशिनांवर काम करत होती आणि बारा वर्षांत तिच्या हातून एकच चूक झाली होती. पण ती नेमकी गेल्याच महिन्यात. दोन रुग्णांच्या रक्ताच्या नळ्यांची अदलाबदल झाली, एकाचं पोटॅशियम दुसऱ्याच्या नावावर गेलं. वॉर्डातल्या सिस्टरला संशय आला म्हणून निभावलं, नाहीतर धडधाकट माणसाला नको ते इंजेक्शन गेलं असतं. मेमो आला, तो तिने मुकाट्याने सही करून घेतला, आणि तेव्हापासून प्रत्येक लेबल ती तीनदा वाचायची. ओठ हलवत, पहिलीतल्या पोरासारखी.

साथ सुरू होऊन दीड महिना झाला होता. दोन दिवस अंगदुखी, मग ताप, आणि ज्याचं नशीब वाईट त्याच्या छातीत उतरायचा. वरच्या मजल्यावरचे दोन्ही वॉर्ड भरले होते. मेडिसिनच्या प्रमुख डॉक्टरांनी, ज्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणत, या रुग्णांवर एक अभ्यास हाती घेतला होता. प्रत्येकाचं दाखल होताना थोडं जास्तीचं रक्त घ्यायचं, त्यात थायरॉईडचे हॉर्मोन मोजायचे, आणि पुढे कोण बरं झालं, कोण नाही, याच्याशी ते आकडे ताडून बघायचे. नळीवर नाव नाही, फक्त नंबर आणि तारीख. कुठला नंबर कुणाचा, ती यादी मॅडमच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली मॅडमच्या पर्समध्ये.

"आकडे वॉर्डात कळवायचे नाहीत," त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "आजारी माणसाचा टी-थ्री हा हॉर्मोन खाली जातोच. शरीर आपणहून आच मंद करतं. ते बघून एखादा उत्साही डॉक्टर थायरॉईडच्या गोळ्या सुरू करेल आणि नसतं काहीतरी होऊन बसेल."

मोजपट्टीला ते पटलं होतं. तरी आकडे डोक्यातून जात नसत. अकरा, सतरा, बावीस, या नंबरांचा टी-थ्री पार तळाला गेलेला. माणसं कोण, तिला माहीत नव्हतं. पण लॅबसमोरची मोठी लिफ्ट स्ट्रेचर घेऊन खाली तळघरातल्या शवागाराकडे जाऊ लागली, की तिच्या मनात यायचं, हा सतरा नंबर तर नसेल?

त्या मंगळवारी अकराच्या सुमाराला तिने फ्रीझरमधल्या सहा नळ्या काढल्या, वितळू दिल्या आणि मशिनमध्ये लावल्या. सदतीसचं उत्तर आलं, नेहमीसारखं. टी-थ्री कमी, टीएसएच, म्हणजे मेंदूची थायरॉईडला जाणारी हाक, साधारण. मग अडतीसचं आलं आणि तिचा हात पेनावरच थांबला.

टीएसएच शंभरच्या वर. निरोगी माणसाचा पाचच्या आत असतो, आणि शंभरापुढे मशिन मोजतच नव्हतं. थायरॉईडचा मुख्य हॉर्मोन टी-फोर जवळजवळ शून्य.

बाकी सगळ्या नळ्यांत मेंदू आणि थायरॉईड दोघंही आजारात गुपचूप बसल्यासारखे होते. या एका नळीत मेंदू जिवाच्या आकांताने हाका मारत होता आणि पलीकडे घरात कुणीच नव्हतं.

चूक असणार, हेच तिच्या मनात पहिल्यांदा आलं. तिने लेबल तीनदा वाचलं. नळी पुन्हा फिरवली, पुन्हा लावली. तेच. मग थोडं सीरम दहापट पातळ करून लावलं. चौदा पूर्णांक दोन. म्हणजे एकशे बेचाळीस. मशिन तपासण्यासाठी ठेवलेले, ठरलेल्या आकड्याचे नमुने तिने पुन्हा चालवले, ते चोख आले. मशिनचा दोष नव्हता.

ती लॅबच्या सरांकडे गेली. सर निवृत्तीला आले होते आणि चष्मा कपाळावर ठेवूनच वाचायचे.

"सर, अडतीसचा टीएसएच एकशे बेचाळीस आहे. तीन वेळा बघितलं."

"अभ्यासातली नळी ना? मग वहीत लिही आणि सोडून दे."

"सर, हा नुसता आजारातला फरक नाही. या माणसाचं थायरॉईड चालतच नाहीये. त्यात हा ताप. असा माणूस झोपेतच जाईल."

सरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "अगं, कळवायचं नाही असं ठरलंय. नावही माहीत नाही आपल्याला. मॅडमना फोन लाव."

"लावला. बंद आहे. परिषदेला निघाल्यात, विमानात असतील."

"मग थांब. आणि हे बघ," सरांचा आवाज जरा खाली आला, "महिनाही झाला नाही त्या मेमोला. दुधाने तोंड पोळलंय तुझं. आता ताक फुंकून पी."

ती खुर्चीवर येऊन बसली. फुंकून प्यायचं म्हणजे काय करायचं? तिने नळीवरची तारीख पुन्हा बघितली. शनिवार. तीन दिवस झाले होते. आता फक्त दोन गोष्टी शक्य होत्या: एक तर हा माणूस अजून वर होता, किंवा मोठ्या लिफ्टने खाली गेला होता.

तिने हातमोजे काढले, एन-नाइन्टीफाइव्ह मास्क चढवला आणि जिन्याने वर गेली.

वॉर्डातली सिस्टर तिच्या ओळखीची होती. पोटॅशियमची चूक पकडणारी तीच. तिच्यासमोर उभं राहायचं म्हणजे मोजपट्टीला अजून कान लाल झाल्यासारखे वाटत.

"सिस्टर, शनिवारी दाखल झालेले किती आहेत?"

"सहा. एक गेला, एकाला काल घरी सोडलं. चार आहेत. का गं?"

"त्यांच्यात कुणाची नाडी हळू आहे का? सगळ्यांची पळतेय आणि एकाचीच हळू, असं?"

सिस्टरने नाडीचा तक्ता चाळला. "नऊ नंबर खाट. पण तिचा काहीच त्रास नाही. घंटी नाही, हाका नाही, पाणी द्या नाही. दिवसभर झोपलेली असते. मी तर म्हटलं, सगळे पेशंट असे मिळावेत."

हे बोलता बोलताच सिस्टरचा चेहरा बदलला. दोघी एकदमच नऊ नंबरकडे चालू लागल्या.

खाटेवर पन्नाशीची एक बाई होती. व्यवसाय शिवणकाम, असं केसपेपरवर लिहिलं होतं. चेहरा सुजलेला, पापण्या जड, ओठ जाड. नाकाला ऑक्सिजनची नळी. मोजपट्टीने रुग्णाला हात लावायचा नसतो, तिचं काम नळ्यांशी. तरी तिने चादरीखालून पाऊल चाचपलं. फरशीसारखं गार.

"अहो बाई! ऐकू येतंय का?" सिस्टरने खांदा हलवला. बाईने डोळे अर्धे उघडले, काहीतरी पुटपुटत पुन्हा मिटले. आवाज घोगरा, पुरुषी. नाडी चव्वेचाळीस. काखेतला थर्मामीटर पस्तीस अंश सेल्सिअसच्या वर जाईना.

"सकाळी छत्तीस लिहिलंय," सिस्टर म्हणाली. "ताप उतरला म्हणून आम्ही खूश."

मोजपट्टीने बाईच्या गळ्याभोवतीचा रुमाल हलकेच बाजूला केला. मानेच्या घडीत, कातडीच्या रेषेतच मिसळून गेलेला, एक जुना आडवा व्रण होता. कधीतरी तिचं थायरॉईड काढून टाकलेलं होतं.

केसपेपरवर 'सध्या चालू असलेली औषधं' यापुढे लिहिलं होतं: काही नाही.

वॉर्डचा डॉक्टर तरुण होता, सलग दुसऱ्या दिवशी त्याच कपड्यांत. त्याने ऐकून घेतलं, पण अंगठा मोबाइलवर फिरतच होता.

"रिपोर्ट कुठंय?"

"रिपोर्ट नाही डॉक्टर. अभ्यासातली नळी आहे, तिच्यावर नाव नसतं."

"म्हणजे हा आकडा याच बाईचा, हे तुम्हाला माहीत नाही."

"खात्रीने नाही. पण मानेवर व्रण आहे, अंग गार आहे..."

"ताई, या साथीत निम्मे पेशंट गुंगीतच असतात. हिचा ऑक्सिजन बरा आहे. उद्या मेंदूचा स्कॅन ठेवलाय. मी बिननावाच्या आकड्यावर हॉर्मोन चालू केलं आणि हिचं हृदय बंद पडलं, तर तुम्ही सही करणार आहात का?"

त्याचं चुकत नव्हतं. तेच तर अवघड होतं. चूक आकडा चूक माणसाला लावला की काय होतं, हे तिच्याइतकं वॉर्डात कुणालाच ठाऊक नव्हतं.

"मग नावाचा आकडा घ्या," ती म्हणाली. "आत्ता ताजं रक्त द्या. नाव, खाट, तारीख, तुमच्या हाताने लिहा. मी चाळीस मिनिटांत उत्तर देते. चुकलं तर मी पुन्हा या वॉर्डात तोंड दाखवणार नाही."

डॉक्टरने सिस्टरकडे बघितलं. सिस्टर आधीच सुई उघडत होती.

"माझ्यासमोर लेबल लाव," सिस्टर म्हणाली. मोजपट्टीने लावलं. मग दोघींनी ते मोठ्याने वाचलं. तीनदा.

खाली सरांनी नळी बघितली, कागदावरची डॉक्टरची सही बघितली आणि मशिनसमोरची खुर्ची तिला दिली. रक्त फिरवून सीरम वेगळं करायला दहा मिनिटं, मशिनला अर्धा तास. मशिन आपल्या गतीनेच चालतं, त्याला घाई कळत नाही. ती पडद्यावरच्या आकड्यांकडे बघत राहिली. हा आकडा साधा आला तर? मग अडतीस नंबर दुसराच कुणीतरी, आणि ती मात्र नियम मोडून वर गेलेली. साधा यावा की येऊ नये, यातलं नेमकं काय हवंय, हेच तिला कळेना. एका बाईच्या मरणाची खूण आपण मनातल्या मनात मागतोय, असं वाटून तिला स्वतःचीच शिसारी आली.

वीस मिनिटं झाली तेव्हा फोन वाजला. सिस्टर होती.

"अगं, साखर उतरलीय तिची. ग्लुकोज लावलं. श्वास मिनिटाला नऊवर आलाय. किती वेळ?"

"वीस मिनिटं."

"तिच्या नवऱ्याला शोधलं. फाटकाबाहेर बसलाय, शनिवारपासून. आत सोडत नाहीत म्हणून कुणी त्याला काही विचारलंच नाही. त्याचा मोबाइल नंबर देते, तू बोल, मी इथून हलू शकत नाही."

नवरा घरं रंगवायचं काम करायचा. त्याने पहिल्याच रिंगला फोन उचलला.

"ताई, आमची मंडळी बरी आहे ना? झोप लागते म्हणाले. म्हटलं लागू दे, आयुष्यभर शिलाई मशिनवर जागलीय ती."

"काका, त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं का?"

"हो, झाली की चौदा वर्षं. गाठ होती."

"त्यानंतर रोज सकाळी रिकाम्या पोटी एक गोळी असेल बघा."

"ती होय. ती बंद केलीय ना."

"कधी?"

"झाले असतील तीनेक महिने. आमचे जुने डॉक्टर गेले दवाखाना बंद करून. दुकानवाला म्हणाला, चिठ्ठी जुनी झाली, नवी आणा. ही म्हणाली, शाळेचे गणवेश संपले की जाते. मग म्हणाली, पुढच्या आठवड्यात. अंगाला सूज आली तर म्हणाली, बसून बसून आलीय. फॉर्म भरताना त्यांनी विचारलं, औषध काही चालू आहे का. मी म्हटलं, नाही. चालू नव्हतंच ना, ताई. खोटं नाही बोललो मी."

"नाही काका. खोटं नाही बोललात."

फोन ठेवल्यावर काही मिनिटांनी पडद्यावर आकडा उमटला. टीएसएच शंभरच्या वर. या वेळी त्याच्यापुढे नाव होतं. प्रिंटवर सरांनी सही ठोकली, म्हणाले, "पळ," आणि ती पळाली.

डॉक्टरने कागद वाचला. मग बसला, आणि चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले. तो या आजाराविषयी पुस्तकात वाचून होता, समोर कधी पाहिला नव्हता. हॉर्मोनचं इंजेक्शन स्टोअरमध्ये नव्हतं. फक्त गोळ्या. तेवढ्यात मोठ्या मॅडमचा फोन आला. विमान उतरलं होतं आणि मोबाइलवर सरांचे अकरा मिस्ड कॉल होते.

डॉक्टरने फोन स्पीकरवर ठेवला.

"आधी हायड्रोकॉर्टिसोन," मॅडम म्हणाल्या. मागे सामानाच्या पट्ट्याची घरघर ऐकू येत होती. "ते शिरेतून द्या. ते न देता थायरॉईड दिलंत तर माराल तिला. मग गोळ्या बारीक करून नाकाच्या नळीतून. चार. मॉनिटर लावा, हृदयाचे ठोके चुकू लागले तर मला लगेच सांगा. गरम पाण्याच्या पिशव्या लावू नका, नुसती ब्लँकेट. आणि व्हेंटिलेटर शेजारी तयार ठेवा." आणि मग, "माझं कपाट कुणी उघडलं?"

"कुणी नाही मॅडम," मोजपट्टी म्हणाली. "पाय गार लागले."

फोन ठेवला गेला होता.

सिस्टरने गोळ्या दोन चमच्यांमध्ये चिरडल्या. पांढरी पूड, चिमूटभर. एवढ्याशा गोष्टीसाठी शिलाईकाम सोडून दोन तास रांगेत बसायला त्या बाईला तीन महिन्यांत वेळ झाला नव्हता.

लगेच काहीच झालं नाही. कथांमध्ये इंजेक्शन देतात आणि माणूस उठून बसतो, इथे तसलं काही नव्हतं. संध्याकाळी सहाच्या सुमाराला ठोके चुकू लागले, मॉनिटर केकाटला आणि डॉक्टर धावला. पुढचे काही तास, आता जाते की मग जाते, असं चाललं. बुधवारी श्वास बारावर आला. नाडी अठ्ठेचाळीस. गुरुवारी बावन्न, पावलं कोमट. मोजपट्टी कामावर येताना आणि जाताना वर डोकावायची, खाटेपाशी जायची नाही, दारातूनच सिस्टरकडे बघायची. सिस्टर बोटांनी आकडा दाखवायची.

शुक्रवारी सिस्टरने बोटं दाखवली नाहीत. तिला हात धरून आत नेलं. नवऱ्याला मास्क, गाऊन घालून पाच मिनिटांसाठी सोडलं होतं आणि बाई उशीला टेकून, घोगऱ्या आवाजात त्याला झापत होती.

"निळे फ्रॉक काज करायला टाकले का नाही?"

"अगं, तू मरता मरता वाचलीस."

"वाचले ना? मग काज कोण करणार, तुमची आत्या?"

रंगारी हसत होता आणि गाऊनच्या बाहीने डोळे पुसत होता, आणि सिस्टर त्याला बाही डोळ्यांना लावू नका म्हणून ओरडत होती.

इथे ही गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

पण वॉर्डात बातमी लपत नाही. नऊ नंबरला थायरॉईडच्या गोळीने उठवलं, हे चार खाटांपलीकडच्या रुग्णाच्या मुलीने तिच्या पाच मिनिटांच्या भेटीत ऐकलं. तिचे वडील निवृत्त शिक्षक, पाच दिवस मास्कमधून कसाबसा श्वास घेत होते. ती लॅबच्या खिडकीशी येऊन उभी राहिली.

"तुम्ही आकडे बघता ना? माझ्या बाबांचं थायरॉईडपण बघितलंय म्हणे. कमी आहे का? असेल तर त्यांनाही द्या ना ती गोळी. एवढीशी तर आहे."

मोजपट्टीला त्यांचा नंबर माहीत नव्हता. पण त्या आठवड्यातले सगळे आकडे तिला पाठ होते, आणि त्यातला एक टी-थ्री इतका खाली होता, की खाली जायला जागाच उरली नव्हती.

"मी सांगू शकत नाही," ती म्हणाली. "डॉक्टरांशी बोला."

"त्या बाईसाठी तुम्ही वर गेलात. माझ्या बाबांसाठी का नाही?"

मोठ्या मॅडम परत आल्या होत्या. त्यांनी त्या मुलीला समोर बसवून अर्धा तास समजावलं. नऊ नंबरच्या घरात दिवाच नव्हता, तो आणून लावला. तुमच्या बाबांच्या घरात दिवा आहे, वादळ आहे म्हणून शरीराने वात बारीक केलीय. ती जबरदस्तीने मोठी केली तर तेल आधी संपेल. मुलीने मान डोलावली. पटलं असं नाही, पण दमली होती.

शिक्षक रविवारी गेले. मोठी लिफ्ट लॅबसमोरून खाली गेली, मागे ती मुलगी जिन्याने उतरत होती.

सोमवारी मॅडमनी मोजपट्टीला आपल्या खोलीत बोलावलं. टेबलावर दोन कागद होते. एक मेमो: अभ्यासाचा आकडा परवानगीशिवाय वॉर्डात नेला.

"हा मला द्यावा लागतोय," मॅडम म्हणाल्या. "नियम मी केलाय, मोडला तर मीच विचारणार." दुसरा कागद त्यांनी पुढे सरकवला. "आणि हा नियम मी चुकीचा केला होता. आजपासून टीएसएच वीसच्या वर आला तर यादी काढून नंबर कुणाचा ते लगेच बघायचं. मी असो नसो. किल्ली तुमच्या सरांकडे राहील."

मोजपट्टीने दोन्ही कागदांवर सही केली. मग विचारू नये असं वाटत असतानाच विचारलं, "मॅडम, ते शिक्षक. त्यांना दिली असती गोळी, तर?"

मॅडमनी मेमो फाइलमध्ये सरकवला. "वाचले नसते, असं मला वाटतं," त्या म्हणाल्या. "पण छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. ते कळावं म्हणून तर हे चाललंय."

"आणि अडतीस नंबर?"

"तिला अभ्यासातून काढावं लागेल. तिचा आजार मुळात वेगळा. ती धरली तर बाकीचे आकडे बिघडतात."

मोजपट्टी खाली आली. वहीत अडतीसच्या ओळीवर तिने पट्टी ठेवून लाल रेघ मारली आणि कडेला लिहिलं, 'वगळले'. तारीख घातली. ट्रेमध्ये चव्वेचाळीस ते एकोणपन्नास अशा सहा नळ्या वितळत होत्या. त्या सहाही जणांचे नातेवाईक फाटकाबाहेर कुठे ना कुठे बसले असणार. तिने हातमोजे चढवले आणि पहिली नळी उचलली.